शेडगेबाईंच्या खापऱ्या

"घाला की हात," झांजुर्णे अण्णा म्हणाले. "कुंपणातनं हात घाला, माती चाचपा, आन मग मला सांगा ह्या बाईला पाणी कुठनं मिळतंय."

मी हात घातला नाही. दुसऱ्याच्या कुंपणात हात घालून बातमी काढायची नाही, एवढं मी तोवर शिकलो होतो. वाकून बघितलं मात्र.

एप्रिल संपत आला होता. दुपारचे दोन वाजले होते आणि गल्लीत आम्हा दोघांशिवाय माणूस नव्हतं. खडशिंगीचे नळ फेब्रुवारीतच बंद पडले होते. आठवड्यातून एकदा टँकर यायचा आणि घरटी एक बॅरल पाणी मिळायचं. दोनशे लिटर. दारादारातल्या तुळशी वाळून काड्या झाल्या होत्या. आणि इथे शेडगेबाईंच्या अंगणात सदाफुली फुलली होती. तरवड पिवळाधमक होता, कण्हेर होती, कोपऱ्यातल्या डाळिंबाला कळ्या धरल्या होत्या. झाडांच्या बुडाशी लाल खापऱ्यांचा जाड थर होता, आणि त्या थरातून जागोजागी मातीची झाकणं वर आलेली दिसत होती.

"झाकणं बघितली?" अण्णांनी आवाज खाली आणला. "त्याखाली व्हॉल्व्ह हायत. गावाची मेन लाईन ह्याच गल्लीतनं जाती."

"लाईन तर कोरडी आहे."

"साचलेलं असतंयच की थोडंफार. आन दुसरं सांगू? आठवड्यातनं दोनदा, ह्याच टायमाला, एक बाई येती. डोक्यावर पाटी, पाटीवर पोतं, तोंड पदरात गुंडाळल्यालं. भरली पाटी घिऊन आत जाती, रिकामी घिऊन भाईर येती. काय आणती, कुणाला ठावं न्हाई. तुम्ही पत्रकार ना? काढा हुडकून."

मी ते वहीत लिहून घेतलं. त्याखाली आणखी एक ओळ लिहिली : अण्णा हे का सांगतायत?

त्याचं कारण मला ठाऊक होतं. अण्णा नगरसेवक होते. ग्रामीण रुग्णालयासमोरचं लॉन त्यांच्याच कारकिर्दीत झालं होतं, मोठ्या नेत्याच्या हातून उद्घाटन झालं होतं, आणि ते हिरवं राहावं म्हणून अण्णांचा टँकर रोज एक खेप लॉनवर ओतत होता. आत वॉर्डात पेशंटचे नातेवाईक घरून बाटल्या घेऊन येत होते. शेडगेबाईंनी नगरपालिकेला अर्ज दिला होता : लॉन काढा, तिथे माझ्या अंगणासारखी कोरडी बाग करू, मी फुकट करून देते, आणि तो टँकर वॉर्डाच्या टाकीत सोडा. शुक्रवारच्या सभेत त्यावर निर्णय व्हायचा होता. बाई पाणीचोर ठरली, की अर्ज आपोआप बाद होणार होता.

म्हणजे संशय घ्यायला माणसं दोन होती. मी दोघांवरही घेतला.

संपादकांना फोन लावला. ते म्हणाले, "चोरी आहे की नाही?"

"संशय आहे."

"संशय छापत नाही आपण. गुरुवारी संध्याकाळपर्यंत पुरावा पाठव. कुठल्याही बाजूचा."

*

शेडगेबाईंनी दार उघडलं आणि मी काही बोलायच्या आतच म्हणाल्या, "अण्णांनी पाठवलं ना? या. चप्पल घालूनच या, अंगण तापलंय."

पन्नाशी ओलांडलेली, बारीक अंगाची बाई. नवरा चार वर्षांपूर्वी गेलेला, मूलबाळ नाही. कोरडवाहू शेतीच्या संशोधन केंद्रात त्यांनी अठ्ठावीस वर्षं प्रयोगशाळेत काम केलं होतं. काम काय, तर शेतातली माती आणायची, वजन करायचं, भट्टीत वाळवायची, पुन्हा वजन करायचं. फरक म्हणजे पाणी. अठ्ठावीस वर्षं तो फरक वहीत लिहीत आल्या होत्या.

"तुमच्यावर आरोप आहे," मी म्हणालो.

"आहे ना. मग बसा इथंच. आज सोमवार. गुरुवारपर्यंत बसा. माझं पाणी मोजा."

"चार दिवस?"

"एका दिवसात काय कळणार तुम्हाला? मी झाडांना दर चौथ्या दिवशी पाणी देते."

त्यांनी एका झाकणाशी बसून ते उचललं. खाली व्हॉल्व्ह नव्हता. गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेलं मातीचं मडकं होतं, तळाला चार बोटं पाणी.

"महादू कुंभाराकडचे पाझरणारे माठ," त्या म्हणाल्या. "जो माठ फार पाझरतो, तो लोक परत आणून देतात. पाणी राहत नाही म्हणून भांडतात. मी म्हटलं, महादूभाऊ, न राहणारे सगळे मला दे. माझं कामच ते आहे. माठ पाझरतो, मुळं येऊन त्याला मिठी मारतात. वरून पाणी ओतलं तर अर्धं ऊनच पिऊन टाकतं."

"आणि वर खापऱ्या कशाला?"

"उन्हानं माती तापू नये म्हणून. खडी टाकली तर खडीच तापते. उसाचं पाचट टाकलं असतं, पण यंदा छावणीत जनावरं पाचटावर जगतायत. त्यांच्या तोंडचं काढून मी झाडांना पांघरूण घालू?"

"खापऱ्या कुठून आणल्या?"

"कुंभाराकडून," त्या म्हणाल्या, आणि झाकण परत लावायला खाली वाकल्या.

तोपर्यंत त्या प्रत्येक उत्तर माझ्या तोंडाकडे बघून देत होत्या. हे एक उत्तर त्यांनी झाकणाला दिलं. मी वहीत 'खापऱ्या' लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

पाणी मी मोजलं. बॅरलच्या आत खडूने रेघ मारली आणि सकाळ-संध्याकाळ जाऊन बघितली. मडकी बावीस होती. मंगळवारी त्यांनी ती भरली तेव्हा मी शेजारी उभा होतो. एकेकाला दीड तांब्या. सगळी मिळून दोन हंडे. आंघोळीचं पाणी पाटानं कण्हेरीकडे जात होतं, तांदूळ धुतलेलं डाळिंबाला. मी जमिनीला कान लावला, भिंतीकडेने कुदळ मारून बघितली. बाई कट्ट्यावर बसून शेंगा सोलत होत्या.

"पाईप सापडला की हाक मारा," त्या म्हणाल्या. "मलाही लागेल."

बुधवारी सकाळी रेघांचा हिशेब जुळला. पाणी चोरीचं नव्हतं. बातमी तयार होती, पण ते प्रश्नचिन्ह वहीत तसंच होतं.

*

महादू कुंभार चाकाशी बसला होता.

"माठ माझेच," तो म्हणाला. "बावीस काय, तीस न्हेले असतील बाईनं. घरात दोन फुटलं बी."

"आणि खापऱ्या?"

"कसल्या खापऱ्या?"

"त्यांच्या अंगणात पसरल्यात त्या. टोपल्याच्या टोपल्या आहेत."

महादू हसला. "आवं, माझ्याकडं कुठल्या उरत्यात? भट्टीत फुटल्यालं समदं परत भट्टीच्या तोंडावर रचतो मी. बाईंना एक खापरी दिली न्हाई. कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी सांगितलं नाही. परत येताना एकच गोष्ट डोक्यात होती : जी बाई पाण्याचा थेंबन्‌थेंब मोजून दाखवते, ती फुटक्या मातीसाठी खोटं का बोलते?

त्या दिवशी दुपारी दीड वाजता मी शेडगेबाईंच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाच्या गिरणीच्या सावलीत उभा राहिलो. दोनच्या सुमारास पाटीवाली आली. चेहरा झाकलेला, पाटीवर पोतं, मान पाटीच्या ओझ्याने ताठ. आत गेली, दहा मिनिटांनी रिकामी पाटी काखेत मारून बाहेर आली. मी अंतर ठेवून मागे चालू लागलो.

ती बाजारपेठेकडे वळली नाही, कुंभारवाड्याकडेही नाही. ओढ्याच्या कडेने खाली उतरली. पुलापाशी पोचल्यावर मला कळलं ती कुठे चाललीय, आणि माझे पाय जागीच थांबले. त्या रस्त्याने मी मागच्या वर्षी एकदाच गेलो होतो. वडिलांना घेऊन.

स्मशानभूमीच्या पत्र्याच्या शेडमागे बाभळीखाली एक ढीग होता. मागच्या वर्षी मी तिथूनच, दहा पावलांवरून गेलो असणार, पण तो ढीग मला आठवत नव्हता. कमरेइतका उंच, वीस-पंचवीस वर्षांचा. सगळा खापऱ्यांचा.

बाईने पदर सोडला. येसाबाई. नगरपालिकेने स्मशान झाडायला ठेवलेली बाई. गावात तिला सगळे ओळखत, पण तिचं तोंड इथेच बघायची सवय होती.

"आला का मागं मागं?" ती म्हणाली. "मगाधरनं पावलं ऐकतीया मी तुमची."

"येसाबाई, ह्या खापऱ्या..."

"काय करू मग? पाय कापत्यात माझे. पालिकेला चार येळा सांगितलं, ढीग उचला. साहेब म्हणत्यात, उचलून ठेवायचा कुठं? बाई म्हणाल्या मला दे. दिल्या." तिने पाटी खाली आपटली. "सांगा जावा गावाला. माझी नोकरी तेवढी घालवा."

मी खाली बसलो आणि एक तुकडा उचलला. तळहाताएवढा, लाल. त्याच्या मधोमध बोटाएवढं भोक होतं, कडेने टवके उडालेलं. भट्टीतलं भोक नव्हतं ते. दगडाने पाडलेलं होतं.

मडकं खांद्यावर घेऊन चितेभोवती फिरताना मामाने माझ्यामागून दगड मारला होता. एका फेरीला एक भोक. खांद्यावरून थंड पाणी पाठीवर ओघळत होतं. तिसऱ्या फेरीनंतर मामा म्हणाला होता, "टाक. मागं टाक. आन वळून बघायचं न्हाई." मी टाकलं. फुटल्याचा आवाज ऐकला. वळलो नाही. सगळं गाव असंच करत आलं होतं, म्हणून तो ढीग कोणी बघितलाच नव्हता.

तुकडा मी खिशात घातला.

*

शेडगेबाई कट्ट्यावरच होत्या. मी तो तुकडा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी भोकाकडे बघितलं.

"खोटं बोलले तुमच्याशी," त्या म्हणाल्या. "एकदाच. पुन्हा नाही बोलणार. लिहा तुम्हाला काय लिहायचंय ते."

"दवाखान्याच्या बागेतही ह्याच टाकणार होता?"

"दुसऱ्या आहेत कुठं इतक्या?"

"दवाखान्यात मसणातली मडकी. कळलं तर लोक काय करतील, माहितेय?"

"माहितेय. बाग उकरतील. ही पण आणि ती पण. टँकर परत गवतावर जाईल." त्यांनी तो तुकडा हातात घेऊन उलटा केला. "आमचे हे गेले तेव्हा मी उंबऱ्यापर्यंत गेले. बायकांना पुढं जायचं नसतं. वर्षभरानं येसाबाईनं मला ढीग दाखवला. म्हणाली, तुमच्या मालकांचं बी ह्यातच असंल कुठं. मी शोधत बसले नाही. पाटी भरून घेतली." मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाल्या, "ते पाण्यानं भरलेलं मडकं असतं ना? गेलेल्या माणसाची तहान भागावी म्हणून. मग ते फुटल्यावर त्यानं पाणी राखलं तर कुणाचं काय बिघडतं?"

"तुकडा मी घेऊन जातो," म्हणालो.

"न्या. पुरावा आहे तो तुमचा."

गुरुवारी संध्याकाळी शेवटची रेघ बघून मी बातमी पाठवली. दोन हंडे, बावीस मडकी, चार दिवस, बॅरलमधल्या रेघा. चोरी नाही. 'मातीवर खापऱ्यांचे आच्छादन' इतकंच लिहिलं. लिहिलं त्यात चूक काही नव्हती. जे लिहिलं नाही, ते खिशात होतं.

*

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. पत्रकारांना कोपऱ्यात एक बाकडं असायचं आणि बोलायचा हक्क नसायचा. शेडगेबाईंना समोर खुर्ची दिली होती. पालिकेच्या कामगारांच्या हजेरीचा दिवस होता, त्यामुळे येसाबाईही दाराशी उभी होती.

मुख्याधिकाऱ्यांनी बातमी वाचून दाखवली. दोन हंडे ऐकल्यावर मागून कोणी तरी म्हणालं, "आमच्या म्हशीला एका टायमाला लागत्यात." हशा झाला. लॉन काढायचं, यावर बहुतेकांच्या माना हलू लागल्या.

अण्णा उठले. हातात पेपर होता.

"बातमी झ्याक हाय," ते म्हणाले. "पत्रकारांनी समदं मोजलं. पर एक मोजायचं ऱ्हायलं. खापऱ्या. काल मी महादूकडं जाऊन आलो. तो म्हणतो, माझी एक बी न्हाई. मग आल्या कुठनं? आभाळातनं पडल्या?" ते माझ्याकडे वळले. "दवाखान्याच्या दारात काय टाकणार हाय ही बाई, ते गावाला कळाय नगं?"

मुख्याधिकारी म्हणाले, "सांगा बाई. कुठून आणल्यात?"

शेडगेबाई उभ्या राहिल्या. दाराशी येसाबाईने पदर तोंडावर ओढला. पुन्हा खोटं बोलणार नाही, असं बाई मला म्हणाल्या होत्या, आणि त्या शब्दाच्या पक्क्या होत्या, हे चार दिवस मी मोजून बघितलं होतं.

"खापऱ्या," त्या म्हणाल्या, "मी..."

"त्यातलं एक मडकं माझ्या घरचं आहे," मी म्हणालो.

मी उभा होतो. कधी उठलो ते आठवत नाही.

"पत्रकारांनी बसून घ्यावं," मुख्याधिकारी म्हणाले.

"बसतो. घरोघरी टाकलेली मडकी असतात, साहेब. बाईंनी तीच गोळा केलीत. माझ्या घरचं मी स्वतःच्या हातानं टाकलेलं आहे." मी खिशातून तो तुकडा काढला आणि भोकावर अंगठा ठेवून वर धरला. मग कसा कोण जाणे, अंगठा बाजूला सरकला. अण्णा माझ्यासमोर चार हातांवर होते. "तुमच्याही घरचं असेल, अण्णा."

"आमच्या घरचं?" अण्णा म्हणाले. "आमच्या घरचं मडकं कशाला..."

मागे कोणीतरी ओरडलं, "आता पत्रकार मडकीबी पुरवाय लागले!" सगळं सभागृह हसलं. अण्णा हसले नाहीत. ते माझ्या हाताकडे बघत होते. दोन वर्षांपूर्वी त्यांची आई गेली होती, हे मला त्या क्षणी आठवलं. त्यांचा चेहरा मला वाचता आला नाही. त्यांनी पेपरची घडी केली, बगलेत धरली आणि खाली बसले.

"झांजुर्णे, तुमचा विरोध नोंदवायचा का?" मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं.

"नगं," अण्णा म्हणाले. "घ्या मंजूर करून."

त्या दिवसापासून पुढची कित्येक वर्षं मी वाट बघितली. अण्णा कधी तरी ते बाहेर काढतील, निवडणुकीत किंवा भांडणात, असं मला वाटत होतं. काय बदल्यात मागतील, याचाही अंदाज बांधून ठेवला होता. ते भेटले की चहा पाजायचे आणि हवापाण्याचं बोलायचे. मला त्याचाच जास्त संशय यायचा.

*

त्याला एकोणीस वर्षं झाली. शेडगेबाई मध्यंतरी गेल्या. येसाबाईही गेली. लॉनच्या जागी तरवड, आपटा आणि कडुनिंब आहेत. वॉर्डातली माणसं संध्याकाळी तिथल्या पारावर टेकतात.

गेल्या मार्गशीर्षात माझी आई त्याच रुग्णालयात गेली. ओढ्याच्या कडेने आम्ही तिला घेऊन गेलो. मडकं खांद्यावर घेतलं. या वेळी मामा नव्हता, दगड चुलतभावाने मारला. तीन फेऱ्या झाल्या.

"टाक," तो म्हणाला. "वळू नको."

मी मागे टाकलं. फुटल्याचा आवाज आला. माणसं खाली माना घालून पुलाकडे चालू लागली. मी चार पावलं गेलो आणि वळलो.

येसाबाईची सून पाटी घेऊन बसली होती आणि तुकडे वेचत होती. मोठे तेवढे पाटीत टाकत होती, अगदी बारके सोडून देत होती.

माझ्या दंडाला कोणीतरी धरलं. अण्णा होते. ऐंशीच्या घरातले, काठी टेकत आलेले. तेही वळून बघत होते.

"चल, निवास," ते म्हणाले. पत्रकार न म्हणता त्यांनी मला पहिल्यांदाच नावानं हाक मारली. "तिला म्या सांगून ठेवलंया. दवाखान्याच्या गेटाकडच्या आपट्याचं बूड उघडं पडलंय. आमच्या आईच्या खापऱ्या बी तिथंच हायत. तुझ्या तिथंच जातील."